गेलेला बार, बदललेल्या पाट्या: तुमचे अनुभव लिहा

नाक्यावरच्या परमिट रूमच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्याआधी तिथे इराणी होता, मग बियर बार, मग 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'. मला वाटतं, बारची पाटी मालकाच्या हौसेपेक्षा सरकारी हुकमाने जास्त वेळा बदलते. तुमच्याकडच्या बारचं नाव का बदललं, तो कसा गेला, ते लिहा. किती प्यायलात ते नको, त्याला वेगळा धागा काढू.

चंद्रपूरकर: 1 एप्रिल 2015 ला जिल्ह्यात दारूबंदी लागली. वर्धा, गडचिरोली आधीच कोरडे. चौकातल्या बारवाल्याने नवी पाटी करायचा खर्च वाचवला, 'बार'वर पांढरा रंग मारला. राहिलं 'रेस्टॉरंट अँड'. तो 'अँड' पुढे काहीच नसताना पावसाळाभर लटकत होता. आत पनीर, थाळी आणि माशा. दारू गावातून गेली का? छे! बारमधून गेली, एवढंच. 2021 मध्ये बंदी उठली, तोवर त्याने जागा विकली होती. नव्या मालकाने इंग्रजी नाव ठेवलं, ते कोणाला धड म्हणता येत नाही.

हायवेवाला, सोलापूर रोड: हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि आमचा बार रातोरात 'शुद्ध शाकाहारी' झाला. वेटर तेच. सवयीने वरण-भाताआधी खारे शेंगदाणे आणून ठेवायचे. लहान गावांना अंतर 220 मीटर केलं होतं, पण आमच्या बारचा दरवाजाच रस्त्यावर. पुढे आणखी सवलती आल्या, तेव्हा बारचे मालक अण्णा उडुपीला परतले होते.

काळा घोडा: हा बार नव्हे, तरी लिहितो. मुंबईतलं वेसाइड इन हे रेस्टॉरंट. कवी अरुण कोलटकर तिथे बसायचे. ते बंद पडलं नि त्याच जागी सिल्क रूट आलं. तिथे कधी गेलो नाही. राग म्हणा.

नगर जिल्ह्यातली सून: दुसरी बाजूही ऐका. आमच्या गावचा बार आम्ही बायकांनी मतदान करून घालवला. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे बार राहू दे आणि आडवी म्हणजे बंद. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. म्हणून माहेरी गेलेल्या लेकुरवाळ्यासुद्धा जीप करून आणल्या. बार होता गणपतीच्या नावाचा. सासूबाई शिक्का मारायच्या आधी पुटपुटल्या, "देवा, तुला नाही रे, त्याला." मला अजिबात हळहळ नाही.

ठाणेकर: आमचा बार एका गडाच्या नावाचा. ट्रेक तिथेच ठरायचे, बरेचसे तिथेच रद्द व्हायचे. दारू विकणाऱ्यांनी महापुरुषांची, गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, असं सरकारने जानेवारी 2022 मध्ये ठरवलं. मालकाने नातवाचं नाव सुचवलं, सून कडाडली. शेवटी नुसती आद्याक्षरं लागली. बिलबुकं मात्र संपेपर्यंत गडाचीच. नंतर इमारत रिडेव्हलपमेंटला गेली.

धागाकर्ता: मंडळी, एक विचारू? 1949 च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, म्हणून तर 'परमिट रूम'. एका दिवसाचं पाच रुपयांचं परमिट तुमच्यापैकी कोणी स्वतःहून मागितलंय? आमच्याकडे ते पुस्तक गल्ल्यापाशी असायचं आणि गिऱ्हाईक नसलं की वेटर त्यात सुचतील ती नावं भरत बसायचा.