सीताफळं फ्रिजमध्ये काळी पडली, उरलेल्यांचं काय करू?

मंडळी, जरा लवकर सांगा. रविवारी राजवाड्यापाशी एक मावशी सीताफळांची पाटी घेऊन बसल्या होत्या. फळं कडक, पण डोळे चांगले मोठे, मधल्या खाचा पिवळट झालेल्या. मोह आवरला नाही, दोन डझन उचलली. लेक-जावई शनिवारी पुण्याहून येतायत, तोवर टिकावीत म्हणून डझनभर फ्रिजमध्ये टाकली, बाकीची टोपलीत.

आज बुधवार. फ्रिजमधली काळीठिक्कर पडलीत आणि दाबून बघावं तर दगड. एक कसंबसं फोडलं, गर रबरासारखा, बी सुटता सुटेना. टोपलीतली चार मात्र पिकून तयार, एक तर उचलताना देठ हातात आला आणि फळ फरशीवर. सासूबाई म्हणतात, काळी झालेली तांदळाच्या डब्यात घाल, पिकतील. खरंच पिकतील का? आणि टोपलीतली शनिवारपर्यंत कशी थोपवू? मागच्या वर्षी उकळत्या बासुंदीत गर घातला तर सगळं पातेलं कडू झालं होतं, त्यामुळे तेही धाडस होत नाही.

(डाळिंबंही आणलीत, आटपाडीची. तीही बाहेरच ठेवू का?)

माणदेशी : काकू, काळ्या झालेल्यांची आशा सोडा. हे उष्ण हवेतलं फळ. कच्चं असताना फ्रिजच्या 4-5 अंशांत गेलं की पिकायची क्रियाच बिघडते, मग तांदळात घाला नाहीतर अढी लावा. टोपलीतली आधी निवडा. कडक असतील ती गार खोलीत कागदावर सुटी मांडा, एकावर एक नकोत. शेजारी केळी-पेरू अजिबात नकोत, त्यांच्या वायूने ही भराभर पिकतात. बोटाने किंचित दबलं की तेच फळ आता फ्रिजमध्ये, एक-दोन दिवस निघतात. साल काळवंडली तरी गर चांगला असतो.

जास्त पिकलेल्यांचा गर आजच काढा, थोडं लिंबू पिळून हवाबंद डब्यात फ्रीजरला. बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच मिसळा, गर तापला की कडवटपणा येतो. बिया हातानेच काढा, मिक्सरला लावू नका. त्या विषारी असतात, पूड डोळ्यात गेली तर इजा होते.

डाळिंबाचं उलटं. तोडल्यावर ते पिकत नाही, पण टिकतं. तडकलेलं असेल ते आधी खा, बाकीची खुशाल फ्रिजमध्ये, काही आठवडे राहतात.

धागाकर्ती : धन्यवाद दादा. पिकलेल्या तिन्हींचा गर काढून झाला, वाटीभर निघाला. कागदावर आठ मांडलीत. काळ्यांतली दोन सासूबाईंनी तरीही तांदळात पुरलीत, आता शनिवारी त्या बघतील आणि मी गप्प बसेन.