रात्री डोकं शांत करणारा, ब्राउझरमध्येच चालणारा संगीत-खेळ सुचवा

अर्धमात्रा
लॅपटॉप मिटला तरी डोक्यातलं काम मिटत नाही, अशी गेले काही महिने माझी गत आहे. आधी मालिका लावून बसायचे, पण एक भाग संपला की पुढचा, असं करत दीड वाजायचा. परवा भाचीने इन्क्रेडिबॉक्स दाखवलं. सात जण ओळीने उभे असतात, त्यांच्यावर एकेक चिन्ह ओढून सोडलं की कुणी ठेका धरतो, कुणी गुणगुणतो. पाच मिनिटांसाठी बसले आणि अर्धा तास कामाचा विचारसुद्धा आला नाही.

फक्त झोपायच्या वेळी तो ठेका मला झेपत नाही. मन हलकं होतं, पण पाय हलायला लागतात. त्याहून संथ काही आहे का? डाउनलोड नको, खातं उघडणं नको, गुण आणि घड्याळ तर नकोच. वाद्य येत नाही, शाळेत पेटीवर सारेगम वाजवलं होतं तेवढंच. शेजारी माणूस झोपलेलं असतं, म्हणून हेडफोन लावूनच.

खुंटी
क्रोम म्युझिक लॅबमधलं साँग मेकर. दुसरं काही शोधू नका. गूगलने ही लॅब २०१६ साली काढली, साँग मेकर त्यात २०१८ मध्ये आलं. नाव क्रोमचं असलं तरी इतर ब्राउझरमध्येही चालतं.

समोर चौकटींची जाळी असते. टिचकी मारली की चौकटीत रंग भरतो. मग एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आणि वाटेतल्या रंगीत चौकटी वाजवत जाते. शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून. खालच्या दोन ओळी तालासाठी आहेत, रात्री त्या रिकाम्याच ठेवा.

सुरुवात करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन स्केल 'मेजर'वरून 'पेंटाटॉनिक' करा. हे फार महत्त्वाचं आहे. त्यात उरतात ते भूपाचे स्वर: सा रे ग प ध. म आणि नि गेले की ग-म आणि नि-सा या अगदी खेटून असलेल्या जोड्याही जातात, आणि कानाला टोचेल असं फारसं काही शिल्लक राहत नाही. डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी ऐकवेल असंच निघतं. दिवसभर चुका टाळून दमलेल्या माणसाला इथे चुकताच येत नाही, याचा केवढा आराम वाटतो ते एकदा अनुभवा.

टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, १२० असतो, तो ६० वर आणा. चार-चार मात्रांचे चार बार, म्हणजे सोळा मात्रा, सोळा सेकंद. तीनतालाचं एक आवर्तनच झालं की. वाद्य मरिंबा (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं) राहू द्या, त्याचा आवाज पटकन विरतो. गर्दी मात्र करू नका. सोळा मात्रांत सात-आठ स्वर पुष्कळ झाले.

मंद्र
खुंटींशी सहमत, तरी मी ब्लॉब ऑपेरा सुचवेन. डिसेंबर २०२० मध्ये गूगल आर्ट्स अँड कल्चरवर आलं. पडद्यावर चार गाणारे गोळे, खालच्या आवाजापासून वरच्यापर्यंत: बास, टेनर, मेझो, सोप्रानो. एकाला धरून वर ओढा, स्वर चढतो. पुढे-मागे ओढा, उच्चार 'आ'चा 'ओ' होतो. बाकीचे तिघे आपणहून सुरात सूर मिळवतात. खऱ्या ऑपेरा गायकांच्या आवाजांवर संगणकाला शिकवून हे केलं आहे, त्यामुळे त्यात श्वास आहे. मी एकटा राहतो. रात्री मरिंब्यापेक्षा माणसासारखा आवाज मला जवळचा वाटतो. बासला अगदी खाली नेऊन सोडा आणि नुसतं ऐका.

झिलई
पॅटाटॅप कुणी सुचवलं तर रात्रीसाठी घेऊ नका. प्रत्येक अक्षराच्या कळीला एक आवाज आणि पडद्यावर एक आकार, कल्पना सुंदर आहे. पण आकार झपकन येतात, रंग भडक, आवाज दचकवणारे. लखलखाटाचा त्रास होणाऱ्यांनी तर दूरच राहावं. संध्याकाळी वैतागून घरी आल्यावर दहा मिनिटं कळा बडवायला मात्र मी तेच उघडते.

आणखी एक. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. जाळीच्या खेळात ते चालून जातं, पण गोळा ओढताना किंवा कळ दाबताना हात आणि कान यांची फारकत होते आणि चिडचिड वाढते. वायरचे हेडफोन घ्या. साँग मेकरची पार्श्वभूमी पांढरीशुभ्र आहे, पडद्याचा उजेड आधीच पार खाली करा.

अर्धमात्रा
चार रात्री करून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या दोन रात्री अप्रतिम गेल्या. पेंटाटॉनिकची गोष्ट तर जादूच आहे, खुंटी, मनापासून आभार. तिसऱ्या रात्री एक चाल इतकी आवडली की ती नीट करायच्या नादात पाऊण वाजला. एक चौकट खोडा, दुसरी भरा. म्हणजे पुन्हा कामच सुरू झालं. यावर काय करता?

खुंटी
जतन करणं सोडलं मी. जतन केलं की लिंक मिळते, लिंक मिळाली की कुणाला तरी पाठवावीशी वाटते, आणि पाठवायची म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान आपल्या डोक्यात येऊन बसतात. आता मी भरलेली चौकट खोडत नाही. नको वाटली तरी ती तशीच राहते, पुढची चौकट तिला सांभाळून घेते. दहा-बारा आवर्तनं ऐकायची आणि टॅब बंद.

मंद्र
मी एखादी ठेवतो. वर्षभराने ऐकली की ती रात्र आठवते. पण ठरवायचं सकाळी, रात्री नाही.

अर्धमात्रा
काल खोडायचं नाही असं ठरवून बसले. वरच्या सप्तकातला एक ध चुकून पडला होता, एकटाच, शेवटच्या मात्रेवर. आधी खटकला. सहाव्या-सातव्या आवर्तनाला त्याचीच वाट बघायला लागले. पावणेअकराला टॅब बंद केली. चाल आता आठवत नाही, तो ध मात्र सकाळी चहा गाळतानाही कानात होता.