कुत्रा चावल्याची भीती वयाबरोबर जाते का?

पाचपाखाडीकर:
मुलगा सात वर्षांचा. गेल्या वर्षी सोसायटीच्या गेटजवळ कुत्रा चावला. इंजेक्शनं पूर्ण झाली, जखम भरली, पण तो आता खाली खेळायला जात नाही. ठाण्यात तलावपाळीला फिरायला नेलं तरी कडेवरून उतरत नाही. मोठी माणसं म्हणतात, विसरेल. खरंच विसरतो, की ही भीती स्वभावातच मुरते? घरी नेमकं काय करावं?

उपवनकाठ:
नुसतं वय वाढल्याने जाईलच असं नाही. कुत्रा दिसतो, छातीत धडधडतं, आई उचलून घेते, हायसं वाटतं. दर वेळी मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. टाळायची ही सवय चाव्यापेक्षा खोल मुरते. त्यातून घरात 'भित्रा आहे' हे बोलणं सुरू झालं, की मूल स्वतःलाही तसंच समजू लागतं. तो शब्द आजपासून बंद.

1924 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणत गेले. आजची पद्धतही त्याच वळणाची आहे. मुलासोबत बसून पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीला भीतीचे 0 ते 10 आकडे त्यालाच देऊ द्या. आधी चित्र, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग आवाजासह. पुढे पट्ट्यातला कुत्रा रस्त्यापलीकडे, मग पाच मीटरवर, मग शेजारी, शेवटी मालकाने धरलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात. आठवड्यातून चार-पाचदा, वीस-तीस मिनिटं. आकडा निम्म्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबा. भीती शिगेला असताना घरी परतलात तर टाळणंच पक्कं होतं. आधी विचारा, 'काय होईल असं वाटतं?' नंतर, 'काय झालं?' या दोन उत्तरांतला फरक त्याच्या तोंडून येऊ द्या, खरं काम तिथेच होतं.

कळवा_पूर्व:
भर घालते. भटक्या कुत्र्यांवर हा प्रयोग अजिबात नको. लस दिलेला, शांत, पाळीव कुत्रा हवा. एकावरच थांबलात तर भीती तेवढ्याच कुत्र्याची जाते, म्हणून वेगवेगळ्या आकारांचे, रंगांचे दोन-तीन निवडा, जागाही बदला. गेट सगळ्यात शेवटी. कडेवर घेणं, हातात काठी देणं हळूहळू सोडवा, नाहीतर श्रेय काठीला जातं.

जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी तयार होते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीनंतर किंवा कुत्रा अचानक भुंकला तर भीती परत येते. ओरडू नका, दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढा. थोडी सावधगिरी मात्र राहू द्या: पळायचं नाही, हात अंगाशी, नजरेला नजर नाही, खाणाऱ्या कुत्र्याजवळ किंवा पिल्लांजवळ जायचं नाही.

पाचपाखाडीकर:
रात्री दचकूनही उठतो. शाळेच्या रिक्षात बसायला रडतो. तरी घरीच करू?

उपवनकाठ:
नाही दादा, मग घरच्या पायऱ्या थांबवा. वाईट स्वप्नं, दचकणं, शाळा टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता उठला, काय म्हणाला, परत झोपायला किती वेळ लागला. डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच विचारतात.