ॲनालॉग कीबोर्ड घेऊ का? दिवसा मराठी टायपिंग, रात्री गेमिंग

रातकिडा_पुणे

मंडळी, सल्ला हवाय. तीन वर्षं साधा रेड स्विचवाला मेकॅनिकल वापरतोय, आता त्याची ई की दोनदा उमटायला लागलीये. इनस्क्रिप्टवाल्यांना (मराठी टायपिंगचा की-लेआउट, त्यात ई वर काना असतो) लगेच कळेल, प्रत्येक काना डबल पडतो, काम लिहिलं की "कााम". तेव्हा नवीन घ्यायचाच आहे. दिवसा घरूनच भाषांतराचं काम, सात-आठ तास मराठी टायपिंग, रात्री अकरानंतर व्हॅलोरंट नाहीतर सीएस टू (दोन्ही गोळीबाराचे गेम), आणि रविवारी निवांत ट्रक सिम्युलेटर. मित्र डोकं खातोय की आता मॅग्नेटिकच (चुंबकावर चालणारा ॲनालॉग) घे, रॅपिड ट्रिगर नसेल तर खेळूच नको. यूट्यूबवर बघायला गेलो तर कोणी ०.१ मिमी म्हणतंय कोणी ८००० हर्ट्झ, दोन रात्री गेल्या आणि होतं ते पण कळेनासं झालं. बजेट १२ हजार, फारच ताणलं तर १५.

हा कीबोर्ड कामाला त्रास देतो का एवढं सांगा. आणि यात स्विच-कीकॅप साध्यासारखे बदलता येतात का? आई शेजारच्या खोलीत झोपते, सध्याचा स्पेसबार स्टीलच्या डब्यात चमचा टाकून हलवल्यासारखा वाजतो, त्याचंही काहीतरी बघायचंय.

कानामात्रा

दीड वर्ष मॅग्नेटिक वापरतेय, मी पण इनस्क्रिप्टवालीच. आधी माझी फजिती ऐक मग ठरव.

साधा मेकॅनिकल म्हणजे लाइटचं बटण, चालू नाहीतर बंद. रेड स्विच साधारण २ मिमी दाबला की उमटतो, पूर्ण खाली गेला तर ४ मिमी. ॲनालॉगमध्ये की नेमकी किती खाली गेलीये हे बोर्डाला सतत कळत असतं, त्यामुळे कितीवर उमटायचं ते तू ठरवतोस. रॅपिड ट्रिगर म्हणजे बोट जरासं वर उचललं की की सुटली, परत जरासं दाबलं की परत लागली, ठरलेल्या जागेपर्यंत वर यायची वाट बघायची नाही. गेममध्ये ए-डी (डावीकडे-उजवीकडे) करत पटकन थांबून गोळी मारायला हे खरंच भारी आहे, मित्र थापा मारत नाहीये.

आता गंमत. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यू, ए, एस, डी म्हणजे काय? दोन मात्रा, काना-मात्रा, मात्रा आणि हलंत. म्हणजे गेमसाठी ज्या चार की तू हलक्या करणार त्या सगळ्या तुझ्या मात्रा आणि डी तर चक्क अक्षराचे पाय मोडायची की, आणि टायपिंग करताना डाव्या हाताचं मधलं बोट बसलेलं असतं तिच्यावरच. मी रात्री खेळायला डी ०.२ मिमीवर ठेवली, रॅपिड ट्रिगर चालू, आणि सकाळी तशीच कामाला बसले. एका संस्थेची सभासदांना नोटीस होती, "फॉर्म सही करून परत पाठवा". परत ही तिन्ही अक्षरं उजव्या हाताची, डावा हात नुसता ठेवलेला, त्या ठेवलेल्या बोटानेच प आणि र च्या मध्ये हलंत टाकला. झालं, "सही करून प्रत पाठवा". बाकी ठिकाणचे भलते हलंत डोळ्याला खुपले आणि काढले, हा सुटला कारण शब्द चुकलेलाच नाही ना, स्पेलचेक काय करणार बिचारा. लोकांनी इमानदारीत झेरॉक्स काढून पाठवल्या. साहेब आठवडाभर मला "प्रत या उद्या" म्हणत होते.

तर त्रास देतो का, हो, प्रोफाइल (सेव्ह केलेल्या सेटिंगचा संच) वेगळी केली नाहीस तर देतो. माझं आता असं आहे, कामाच्या प्रोफाइलला सगळ्या की १.८, होम रो वरच्या ए एस डी एफ २.२, रॅपिड ट्रिगर बंद. गेमच्या प्रोफाइलला फक्त डब्ल्यू ए एस डी ०.४, बाकी १.२. ०.१ च्या नादाला लागू नकोस, नुसती धडधड झाली तरी की लागते.

रत्नागिरीचा_पाऊस

ताईंनी प्रतीचं भारी सांगितलं :) मी विकत घेण्याबद्दल बोलतो.

भावा तुझी ई की डबल पडतेय ना, ते आमच्याकडे दर पावसाळ्यात. साध्या स्विचमध्ये दोन धातूच्या पट्ट्या टेकतात, त्यावर गंज, धूळ, दमट हवा बसली की टेकणं डळमळीत होतं. मॅग्नेटिकमध्ये टेकण्याचा प्रकारच नाही, दांडीच्या खाली लोहचुंबक आणि बोर्डावर हॉल सेन्सर, चुंबक जवळ आला की सेन्सरचं व्होल्टेज बदलतं. हे काही कालचं नाही बरं का, एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली दाखवला आणि हनीवेलवाले १९६० च्या दशकाच्या शेवटी असले कीबोर्ड बनवत होते. गेमिंगमध्ये ॲनालॉगचं खूळ वूटिंग या डच कंपनीने आणलं, २०१६ च्या किकस्टार्टरपासून, पण तो पहिला ऑप्टिकल होता, चुंबक नंतर आले.

तुझ्यासाठी पहिली अट साइज. सगळे वूटिंग ६०एचई सांगतील, बोर्ड झकास आहे पण त्याला ॲरो की नाहीत, वरची एफ ओळ नाही. सात तास भाषांतर करणारा माणूस ॲरो आणि होम-एंडशिवाय आठवड्यात वेडा होईल. ७५ टक्केवाला बघ, म्हणजे थोडा छोटा पण ॲरो आणि एफ ओळ असलेला. कीक्रॉनचा के२ एचई किंवा क्यू१ एचई त्याच साइजचे, क्यू१ धातूचा जड, उचलून कुठे नेण्यातला नाही. पाच-सहा हजारांतही आता मॅग्नेटिक मिळतात, हार्डवेअर ठीक असतं, सॉफ्टवेअर बघून घ्यायचं. प्रोफाइल बोर्डाच्या मेमरीत राहते का आणि एफएन दाबून बदलता येते का, एवढं विचारूनच पैसे दे. बऱ्याच बोर्डांचं सेटिंग आता ब्राउझरमधूनच होतं, ते क्रोम किंवा एजमध्ये चालतं, फायरफॉक्समध्ये नाही. मी अख्खी दुपार केबल बदलत बसलो होतो.

८००० हर्ट्झचं सोडून दे. १००० म्हणजे कीबोर्डचा कॉम्प्युटरला दर १ मिलिसेकंदाला एक निरोप, ८००० म्हणजे दर ०.१२५ ला. तो फरक तुला नाही कळणार आणि मलाही नाही, प्रोसेसरला मात्र कळतो.

सीएस टू खेळतोस म्हणून अजून एक, स्नॅप टॅप किंवा एसओसीडी नावाचं जे असतं, ए दाबलेला असताना डी दाबला की ए आपोआप सुटतो, ते बंद ठेव. ऑगस्ट २०२४ पासून व्हॉल्व्हच्या (सीएस टू बनवणारी कंपनी) सर्व्हरवर त्यासाठी मॅचमधून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगर चालतो.

टकटक_आजोबा

माझं मत विरोधी. टायपिंगला टॅक्टाइलच, दाबताना बोटाला मध्ये जो उंचवटा लागतो त्याची सर नाही. मॅग्नेटिक जवळपास सगळे लिनियर, सुळकन खाली. दहा वर्षं ब्राउन या टॅक्टाइल स्विचवर टाइप करतोय, कधी कोणाला झेरॉक्स पाठवायला लावली नाही.

कानामात्रा

आजोबा :)) मान्य. पण हा रातकिडा आत्ताही रेडवरच आहे, त्याला उंचवट्याची सवयच नाही. तुम्ही मात्र घेऊ नका, शिव्या द्याल.

स्प्रिंगवाला

मॉडिंगचं मी सांगतो. कीकॅप बिनधास्त बदल, दांडीवरचा अधिक-चिन्हाचा आकार बहुतेकांत तोच असतो. पीबीटी प्लास्टिकचे घे, एबीएस प्लास्टिक सहा महिन्यांत तेलकट चमकतो. स्विचला मात्र थांब. साधे स्विच मॅग्नेटिक बोर्डात चालत नाहीत, आणि मॅग्नेटिकमध्येसुद्धा चुंबकाची दिशा आणि ताकद वेगवेगळी, बोर्डवाल्याने दिलेल्या यादीतलेच घ्यायचे आणि बदलले की कॅलिब्रेशन (सेन्सरला नवीन स्विचची ओळख) परत करायचं. मोबाइलचं चुंबकवालं कव्हर कीबोर्डवर ठेवू नकोस, माझ्याकडे एकदा आपोआप ओळभर "ममममम" उमटलं, घरच्यांना वाटलं भूत.

आईच्या झोपेसाठी पैसे घालायची गरजच नाही. खडखड स्विचची नसते, स्टॅबिलायझरची (लांब की सरळ धरणारा भाग) असते. स्पेसबारची कीकॅप सरळ वर ओढून काढ, खाली दोन टोकांना जोडणारी तार दिसेल. तारेची टोकं प्लास्टिकमध्ये जिथे शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस, चित्रकलेच्या शून्य नंबर ब्रशने. प्लास्टिक घासतं तिथे क्रायटॉक्स २०५ हे वंगण, अगदी पुसट. मी पहिल्यांदा पुरणपोळीवर तूप सोडल्यासारखं सोडलं होतं, स्पेसबार खाली गेला तो वर येईना.

ट्रकला ॲनालॉग मस्त, कीबोर्ड गेमला कंट्रोलर म्हणून दिसतो, डब्ल्यू अर्धी दाबली की अर्धा ॲक्सिलरेटर, ट्रेलर रिव्हर्स लावताना तर फार बरं पडतं. स्टिअरिंगला नको, ४ मिमीत चाक वळवायचं म्हणजे ट्रक दारू प्यायल्यासारखा जातो.

रातकिडा_पुणे

तीन आठवड्यांनी रिपोर्ट देतोय, सगळ्यांना धन्यवाद. ७५ टक्केवाला घेतला. कामाला ए एस डी एफ २.२, ताईंचीच कॉपी. गेमला ०.४ ने सुरुवात केली, सारखा आपोआप डावीकडे सरकत होतो, ०.६ वर स्थिर झालो. रँक आहे तिथेच आहे, पण थांबल्यावर पहिली गोळी सरळ जाते हे नक्की. प्रोफाइल बदलायला विसरू नये म्हणून गेमला लाल लाइट, कामाला बंद, टेबलावर लाल दिसलं की आधी एफएन दाबतो.

काल ग्रीस केलं. स्पेसबार आता नुसता "ठप" करतो, आईने सकाळी विचारलं काल लवकर झोपलास का. फक्त लेफ्ट शिफ्ट अजून कुरकुरतोय, एकाच बाजूने.

स्प्रिंगवाला

तारेचं त्या बाजूचं टोक कोरडं राहिलंय. उघड परत.

कानामात्रा

प्रत नाही हं, परत.