विसाव्या वर्षीची एक रात्र किती वर्षं फेडायची?

बडबडी (धागाकर्ती)
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय, शिव्या पडणार हे गृहीत धरलंय. माझ्या मावसभावाचा मुलगा विशीत असताना पार्टीतून पिऊन गाडी चालवत निघाला, जेमतेम दोन किलोमीटर जायचं होतं, वळणावर गाडी खांबावर गेली. त्याला चार टाके पडले. शेजारी बसलेल्या मित्राच्या डोक्याला मार लागला, तो वाचला पण पूर्वीचा राहिला नाही. आता आमचा पोरगा सव्वीसचा आहे. केस चालली, शिक्षा भोगून झाली, लायसन्स गेलं, त्या रात्रीनंतर दारूला शिवला नाही. तरी नोकरीच्या सगळ्या मुलाखती पार पडतात आणि बॅकग्राउंड चेकला घोडं अडतं. परदेशात शिकायचं म्हटलं की फॉर्मवर परत तोच रकाना. चूक भयंकर होती, मान्य. पण शिक्षेला काही एक्स्पायरी डेट असावी की नाही?

हातोडी
असहमत. त्या मित्राच्या डोक्याला एक्स्पायरी डेट आहे का?
आणि 'चूक' कसली? चूक म्हणजे भाजीत मीठ जास्त पडणं. ह्याने चावी हातात घेतली, दार उघडलं, इंजिन चालू केलं. प्रत्येक टप्प्यावर थांबता येत होतं.

बडबडी
@हातोडी हे वाक्य येणार माहीतच होतं. पण मला सांगा, हा आयुष्यभर घरी बसला तर त्या मित्राला काय मिळणार? कमावला तर निदान उपचाराला हातभार तरी लावेल.

तिरपागडा
मी ताईंच्या बाजूने. ब्रिटनमध्ये ड्रिंक ड्रायव्हिंगची नोंद लायसन्सवर ११ वर्षं राहते आणि मग निघते. ११ म्हणजे काही लाड नाहीत, पण शेवट आहे ना. उलट कॅनडा बघा, डिसेंबर २०१८ पासून तिथे ह्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं केली, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यासाठी तो थेट 'गंभीर गुन्हा' झाला. कोणालाही खरचटलंसुद्धा नसेल तरी एका केसवर प्रवेश नाकारू शकतात, आणि नुसती वर्षं उलटली म्हणून ते आपोआप माफ होत नाही, अर्ज करा, सुधारलो हे सिद्ध करा वगैरे. वीस वर्षांच्या पोराला हे कोणी सांगितलेलं असतं का? त्याला वाटतं फार तर दंड होईल आणि बाबा ओरडतील.

उजवीकडून_तिसरा
तुम्ही सगळे जरा जास्तच ताणताय राव. दोन बिअरवर कोणी झिंगत नाही, मी दहा वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही गाडीवर. प्यायलेला कोण आणि टल्ली कोण ह्यात फरक करा. आणि जास्त झालीच तर कडक कॉफी, तोंडावर पाणी, अर्धा तास थांबा, निघा.

फिजिओताई
@उजवीकडून_तिसरा नाही हो, कॉफीने फक्त जागा असलेला प्यायलेला माणूस तयार होतो. दारू लिव्हर आपल्या गतीने काढतं, रक्तातलं प्रमाण साधारण तासाला ०.०१५ टक्क्यांनी उतरतं, त्याला घाई करता येत नाही. म्हणजे रात्री बाराला रक्तात ०.१५ असेल तर झोपून उठून सकाळी सातला गाडी काढतानाही ०.०४ च्या वर असणार. आणि डोलायला लागण्याच्या कितीतरी आधी अंदाज जातो, वळणाचा, अंतराचा, स्वतःचाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त जाते, ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर आठ मीटर गेले. त्यातून तेवढीच दारू नवशिक्या तरुण ड्रायव्हरला जास्त धोक्याची, कारण गाडी अजून हातात बसलेली नसते. म्हणून तर डब्ल्यूएचओ सगळ्यांसाठी ०.०५ ची मर्यादा सांगते पण तरुण आणि नवीन ड्रायव्हरसाठी ०.०२. जर्मनीत २००७ पासून २१ च्या आतल्यांना आणि नव्या लायसन्सवाल्यांना थेट शून्य.

आता मूळ विषय. मी डोक्याला आणि मणक्याला मार लागलेल्यांबरोबर काम करते. लोकांना वाटतं एकतर माणूस जातो नाहीतर बरा होतो. मधला जो मोठा पट्टा आहे तो कोणाला दिसत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की पोरगा चालतो बोलतो, रिपोर्टवर 'सुधारणा चांगली', आणि घरी आई सांगते हा माझा मुलगा नाहीये. क्षुल्लक गोष्टीवर भडकतो, एकच प्रश्न पाचदा विचारतो, अंघोळीला जायचं ठरवतो आणि तासभर पलंगावर बसून राहतो कारण मेंदूचा 'चला उठा' म्हणणारा भागच दुखावलाय. काहींना फिट्स सुरू होतात, त्याही कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी, सगळे जरा सावरले की. आणि मणका असेल तर ते वेगळंच प्रकरण, लघवीसाठी कॅथेटरची नळी, दर दोन तासांनी कूस बदलणं, पडून पडून होणाऱ्या जखमा म्हणजे बेडसोअर. वय वीस, म्हणजे पुढची चाळीस-पन्नास वर्षं. आईवडील साठीला आलेले. ते गेल्यावर कोण, हा प्रश्न आई मला दारातच विचारते, आत विचारत नाही.

पण खरं सांगू, चालवणारेही माझ्याकडे येतात. तेही संपलेले असतात. त्यामुळे मला ह्या धाग्यात कोणाची बाजू घ्यावी कळत नाहीये.

उजवीकडून_तिसरा
सकाळचं गणित माहीत नव्हतं. प्रतिसाद काढून टाकणार होतो पण राहू दे, लोकांना उत्तरासकट दिसेल.

हातोडी
फिजिओताईंना दंडवत. तरी माझा मुद्दा तसाच. ५ ते २९ वयात सगळ्यात जास्त जीव रस्त्यावर जातात, जगभरात. अशा वेळी 'थोड्या वर्षांनी पाटी कोरी' हा मेसेज मला परवडत नाही. उलट जपानने २००७ मध्ये केलं तसं करा, प्यायलेल्याबरोबर जाणूनबुजून गाडीत बसणारा, त्याला गाडी देणारा, दारू देणारा, सगळे शिक्षेला पात्र. त्या पार्टीत बाकीचे पंधरा जण काय करत होते?

मागची_सीट
कधी लिहीत नाही इथे. @हातोडी मी तशीच बसले होते एका गाडीत, एकोणीसची होते. मलाही शिक्षा हवी होती का? कदाचित हो. मला माहीत होतं तो प्यायलाय. 'मी चालवते' म्हणायला लाज वाटली, 'मी उतरते' म्हणायला त्याहून जास्त. उजव्या पायात रॉड आहे, थंडीत दुखतो, जिना चढताना आधी रेलिंग बघते. चालवणाऱ्याला नोकरी लागली की नाही ह्याचा मी कधी विचार केला नाही, खोटं कशाला बोलू. लागली तरी माझं काही जात नाही. पण तो एकदाही आला नाही. बारा वर्षं झाली. पायापेक्षा त्याचा राग जास्त टिकलाय.
@बडबडी, तुमचा मुलगा त्या मित्राला भेटलाय का?

बडबडी
...नाही. केस चालू असताना वकील म्हणाले भेटू नको, माफी मागू नको, तो कबुलीजबाब धरला जाईल. ते बरोबरही असेल. पण केस संपून दोन वर्षं झाली. मीच विचारलं नव्हतं त्याला, आज फोन करून विचारलं. म्हणाला, त्याच्या आईचा नंबर अजून आहे माझ्याकडे, दर वाढदिवसाला मेसेज टाइप करतो आणि पुसतो.

हातोडी
मग नोकरीचं नंतर बघू. आधी ते पाठवा म्हणावं. आई नाही म्हणाली तर नाही, तिचा तो हक्क आहे.

फिजिओताई
आई हो म्हणाली तर सकाळी जायला सांगा. असे पेशंट संध्याकाळपर्यंत थकतात, मग चिडतात. एकट्याने जावं, चार जणांचा गोंगाट त्यांना झेपत नाही. आणि त्याने ओळखलं नाही, किंवा 'तू कुठे होतास' हे पाच वेळा विचारलं, तर पाचही वेळा उत्तर द्यायचं.