बाबांची बायपास झाली, घरी आणलंय. पुढचे दोन महिने कसे काढावेत? (नागपूर)

महालातला_थोरला
बाबा ७२ वर्षांचे. बायपास होऊन आज १९ दिवस झाले. जखम चांगली भरतेय, डॉक्टरांची काही तक्रार नाही. अडचण आहे ती घरात. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. संडास देशी. आईचे गुडघे गेलेले. मी पुण्याला नोकरीला असतो, १५ मेपर्यंत घरून काम करायला मिळालंय.

जो माणूस जन्मभर साडेपाचला उठून स्कूटरवर भाजी आणायला जायचा, तो आता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. काय झालं विचारलं की "काही नाही". परवा मात्र गुपचूप स्कूटरची किल्ली शोधत होते! आईने मीठ-तेल इतकं कमी केलंय की ते ताट बाजूला सारतात.

विचारायचं हे: घरी येणारा फिजिओ ठेवावा का? या उन्हात फिरायला कुठे न्यावं? माणूस ठेवायचा तर दिवसाचा की रात्रीचा?

सक्करदरा_एक्स्प्रेस
किल्ली आधी लपवा भाऊ. गंमत नाही करून राहिलो. छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलं असते, ते जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला तीन महिनेही. स्कूटरचं हँडल खड्ड्यात हिसकलं की सगळा जोर तिथंच येते, अन् आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. सर्जन स्वतः हो म्हणेपर्यंत नाही.

देशी संडासाचं आजच पाहा. उठताना हाताचा जोर लावतात, ते नको. कमोड खुर्ची आणा, मेडिकल कॉलेजजवळच्या सर्जिकल दुकानांत मिळते. पोट साफ राहील असं औषधही डॉक्टरांना मागा, कुंथणं वाईट. पलंगावरून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग उठायचं. आणि काखेत हात घालून ओढू नका त्यांना! आम्ही दोघं भाऊ पहिले चार दिवस तेच करून राहिलो होतो. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलं असेल. त्यात फुंकायचं नसते, श्वास आत ओढायचा असते. आमच्याकडे आठवडाभर उलटंच चाललं होतं.

धंतोलीची_फिजिओ
मी याच कामात आहे, तरी सांगते, रोज फिजिओ लागेलच असं नाही. पहिले दोन-तीन वेळा बोलवा, जिना कसा चढायचा ते समोर शिकून घ्या. पुढे चालणं हाच व्यायाम. दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात, मग हळूहळू वाढवायचं. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर डॉक्टरांना फोन. बायपाससाठी ज्या पायातली नस काढली तो थोडा सुजतो, बसताना पाय वर ठेवा. जखमेतून पू, ताप, किंवा कूस बदलताना छातीत कट्-कट् आवाज आला तर त्याच दिवशी दाखवा. छातीत पुन्हा तसंच दुखलं, घाम फुटला, तर वाट न बघता १०८.

इतवारीकर
फुटाळा तलावावर न्या, वारा लागते, मन रमते. आणि अर्जुनाच्या सालीचा काढा द्या, आमचे काकाजी तोच घेतात.

धंतोलीची_फिजिओ
@इतवारीकर फुटाळा नंतर. महालातून तिथवर जायचं, गर्दीत धक्के खायचे, हे १९व्या दिवशी कशाला? आधी स्वतःची गल्ली. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. काढा विचारल्याशिवाय बिलकूल नको, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू आहेत. आणखी एक: लघवीची गोळी असेल आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ४४-४५ डिग्रीत किती प्यायचं ते पुन्हा विचारा. उठल्याबरोबर चक्कर आली तर बीपी बघा. कूलर लावा, पण झोत छातीवर नको.

तर्री_बंद
जेवणावर मी बोलतो, आठ वर्षांपूर्वी माझेच दोन स्टेंट झाले. सावजी, तर्री-पोहे हे तर गेलंच. पण खरं मीठ लपलं असते लोणचं, पापड, फरसाण, बेकरीच्या टोस्टात. ते बंद करा अन् वरणात थोडं मीठ राहू द्या. लिंबू, कोथिंबीर, जिरं, लसणाची फोडणी, यानं जेवण जाते. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते, बीपीच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात चढते. संत्र्याची भीती नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांना चालत नाही ते ग्रेपफ्रूट, आपलं संत्रं नव्हे. किडनीचा त्रास असेल तर वेगळं.

अन् भिंतीकडे तोंड करणं मी केलंय. लोक भेटायला यायचे अन् कोण कसं गेलं तेच सांगायचे. त्यावर बायको म्हणायची, तुम्ही आराम करा. घरात आपली काही गरजच नाही असं वाटायचं. बाबांना काम द्या. गोळ्यांचा डबा त्यांनाच भरू द्या, तुम्ही फक्त नजर ठेवा. भाजीचा हिशोब त्यांच्याकडेच राहू द्या. ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांचं होते, पण दोन-तीन आठवड्यांत निवळलं नाही, झोप-जेवण सुटलं, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार असते.

माणूस रात्रीचा ठेवा. दिवसा घर जागं असते.

मानेवाडा_ताई
७० च्या वर आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचा खर्च सरकार देते. आधार लागते. आजचं बिल गेलं ते गेलं, पुढे कामी येईल.

महालातला_थोरला
दहा दिवसांनी लिहितोय. खुर्ची आणली. रात्री एक दादा येतात, त्यांची नि बाबांची क्रिकेटवरून जुंपते, त्यामुळे आवाज तरी फुटला. वजनाची वही बाबांनी ताब्यात घेतलीय, त्यात चकरा लिहितात. काल गल्लीत सात झाल्या. आठवी मी करू दिली नाही म्हणून समासात लिहिलंय, "मुलगा फार बोलतो."

किल्ली अजून माझ्या पाकिटात आहे. रोज एकदा विचारतात.

खुर्ची विकतच घेतली. जूनमध्ये मोकळी होईल, कुणाला लागली तर महालातून घेऊन जा, पैसे नकोत.