पदवीच्या विद्यार्थ्यांचे मेंदूविज्ञान मंडळ : बैठकांचे स्वरूप आणि भेज्याचे विच्छेदन यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. गेल्या जुलैमध्ये आम्ही चौघांनी मेंदूविज्ञानाची आवड असणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ सुरू केले. आमच्याकडे या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. प्राणिशास्त्रात चेतासंस्थेचे एक प्रकरण असते, मानसशास्त्राचे विद्यार्थी मेंदूची आकृती काढून मोकळे होतात, आणि भौतिकशास्त्राच्या मुलांना आपला या सगळ्याशी काही संबंध आहे हेच कोणी सांगितलेले नसते. या तिघांना दर शनिवारी एकत्र बसवावे, एवढाच हेतू होता. पहिल्या बैठकीला ३१ जण आले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ७ उरले, आणि त्यांतले ४ आम्हीच.

चूक आमचीच आहे, हे मान्य करतो. दर आठवड्याला एखादा इंग्रजी आढावा-लेख पडद्यावर लावायचा, एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी पद्धत पडली. स्मृतीवरच्या एका बैठकीत मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारले, की दोन चेतापेशींच्या मध्ये जर फट असेल, तर सिनॅप्सला, म्हणजे एक पेशी दुसरीला संदेश देते त्या जागेला, आपण जोड का म्हणतो? त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. पण १२ स्लाइड शिल्लक होत्या, म्हणून ‘शेवटी बोलू’ असे सांगून आम्ही पुढे गेलो. शेवटी वेळ उरला नाही, आणि पुढच्या शनिवारी ती आली नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की तीन वेगळ्या शाखांच्या, आणि निम्म्याहून अधिक मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना धरून ठेवील असे बैठकीचे स्वरूप कसे असावे?

दुसरा प्रश्न बोकडाच्या भेज्याचा. मटणाच्या दुकानातून भेजा आणून त्याचे विच्छेदन करावे, असे आम्ही सुचवले. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन थांबवण्याची सूचना दिलेली असल्याने विभागात कोणीही होकार द्यायला तयार नाही. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अवयवालाही ती सूचना लागू होते का? आणि परवानगी मिळाली, तर हे काम नीट कसे करावे?

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापिका, प्राणिशास्त्र)

त्या सूचनेचा रोख अभ्यासासाठी प्राणी पकडण्यावर आणि मारण्यावर आहे, असे माझे वाचन आहे. मात्र त्याचा अर्थ विद्यार्थ्यांनी परस्पर लावू नये. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना लेखी अर्ज करा. त्यात भेजा दुकानातून घेतला जाईल, त्यासाठी वेगळा प्राणी मारला जाणार नाही आणि उपस्थितीची कोणावरही सक्ती नसेल, ही तीन विधाने स्पष्टपणे लिहा. तोंडी विचारलेल्या गोष्टीला नाही म्हणणे फार सोपे असते.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर सत्तूराच्या घावाने मुंडीबरोबर भेजाही दुभंगतो. ताजा भेजा खरवसासारखा लिबलिबीत असतो. सुरीखाली कापला न जाता तो पसरतो, आणि नवख्यांचा विरस होतो तो इथेच. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन-तीन आठवडे ठेवल्यास तो घट्ट होतो. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते व ते रसायन घातकही आहे. त्यामुळे हातमोजे, उघड्या खिडक्या, हाताळण्यापूर्वी पाण्यात भरपूर धुणे आणि जवळ एक शिक्षक, यांत तडजोड करू नका. कापण्याआधी भेजा पालथा करून खालची बाजू दाखवा. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसांची फुली तिथे स्पष्ट दिसते, आणि पुढे वासाचे दोन कंद माणसाच्या मानाने केवढे मोठे आहेत, हे मुले स्वतःच बोलून दाखवतात.

प्रतिसाद २ (संशोधक विद्यार्थी, पुणे)

लेख वाचण्याला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. आधी हाताने काहीतरी करा आणि मग वाचा.

एक आरसा, एक पुठ्ठ्याचे खोके आणि दुहेरी रेषेने काढलेली चांदणी एवढे साहित्य घ्या. खोक्यामुळे कागद थेट दिसू नये, फक्त आरशात दिसावा. आणि दोन रेषांच्या मधून पेन फिरवून चांदणी पूर्ण करायची. पहिल्या खेपेला प्रत्येक कोपऱ्यावर हात भलतीकडेच जातो, पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत सुधारतो. त्यानंतर सांगा, की १९५३ मध्ये अपस्मारावर उपाय म्हणून ज्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी घडवण्याशी निगडित भाग) आणि लगतचा भाग काढण्यात आला, त्या ‘एच. एम.’ या रुग्णाकडून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हेच काम तीन दिवस करून घेतले. त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. पण आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला प्रत्येक वेळी आठवणच नव्हती. हे ऐकल्यावर ती शस्त्रक्रिया करणारे स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा मूळ लेख वाचायला घ्या. तो जेमतेम ११ पानांचा आहे, आणि अडेल तिथे मराठीत बोलत वाचला तर दोन शनिवारांत संपतो.

त्या विद्यार्थिनीला मात्र परत बोलवा. तिने विचारले त्याच मुद्द्यावर कामिल्लो गोल्जी आणि रामोन इ काहाल या दोन मेंदूशास्त्रज्ञांचे हाडवैर होते. गोल्जी म्हणत की सगळे एकसंध जाळे आहे. काहाल म्हणत की पेशी सुट्या आहेत, आणि तेही गोल्जींच्याच पेशी रंगवण्याच्या पद्धतीने तयार केलेल्या काचपट्ट्या पाहून. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी पारितोषिकाच्या भाषणात गोल्जींनी जाळ्याचाच पक्ष मांडला. एक पूर्ण बैठक या वादाला द्या, आणि सूत्रसंचालन तिच्याकडे सोपवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. अर्ज आज लिहून विभागप्रमुखांकडे दिला आहे. बुटांचे खोके मिळाले, आरसा वसतिगृहातून आणतो. चांदणीच्या दोन रेषांमध्ये साधारण किती अंतर ठेवावे?

प्रतिसाद २

पाच-सहा मिलिमीटर पुरेसे आहे. पेन्सिल देऊ नका, पेनच द्या. चुकलेल्या रेषा पुढच्या खेपेशी ताडून पाहायच्या आहेत, तेव्हा खोडायची सोय नको.